उल्हास तारीच्या माडावरच्या बत्तीस खाचा

लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर दिगंबर कांबळीच्या बायकोने पहिल्यांदा "वा!" म्हटलं, आणि ते दुसऱ्याच्या नीरेला म्हटलं.

दिगंबर त्या वेळी कुंपणाच्या अलीकडे उभा होता. मुद्दाम नव्हे. उल्हास तारीच्या वाडीच्या कुंपणाची एक काठी सैल झाल्यासारखी त्याला वाटली होती, आणि ती हलवून बघायला तो गेले चार दिवस रोज सकाळी सात वाजता तिथे येत होता. पलीकडे उल्हासच्या शेडमध्ये संजीवनी वाटी तोंडाला लावून उभी होती. उल्हास म्हणाला, "वहिनी, आजची चव बघा कशी आसा." ती प्यायली, डोळे मिटले आणि म्हणाली, "वा!"

काठी दिगंबरच्या हातात उपटून आली.

"वा" हा शब्द लहान आहे, त्याने एवढं बिघडायचं काय, असं कोणाला वाटेल. त्याला कांबळ्यांच्या घरची पद्धत ठाऊक नाही. दिगंबर पिढीजात माडी काढणारा. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, दोरीने घट्ट बांधायची, लाकडी ठोकणीने हलकेच ठोकायची, टोकाचा पातळ काप दिवसातून तीनदा काढायचा. मग थेंब थेंब गोड रस मडक्यात पडतो. ऊन चढायच्या आत उतरवला तर ती नीरा. उशीर झाला तर आंबून माडी, आणि तिचं गिऱ्हाईक वेगळं. ह्या नीरेचा गूळ संजीवनी करायची. रोज सकाळी मडकं चुलीवरच्या कढईत रिकामं करण्याआधी ती वाटीभर नीरा चाखायची आणि निकाल द्यायची, "बरी आसा." एखाद्या दिवशी नुसतंच "आसा." त्या दिवशी दिगंबरला जेवण जात नसे. पण एकतीस वर्षांत निकाल "बरी आसा"च्या वर कधी गेला नव्हता. दिगंबरची समजूत अशी, की त्याच्या वर मराठी भाषेत काही नाहीच.

आता कळलं, की आहे. आणि ते उल्हासला मिळतं.

हे घडलं ते वाघबंदरला, वेंगुर्ल्याच्या खाली खाडीच्या तोंडाशी. तेव्हा नारळ उतरवायची यंत्रमाकडं गावात येऊन वीसेक वर्षं झाली होती. ती सरसर चढत, नारळ मोजून पाडत आणि उतरताना धन्यवाद म्हणत. पोय ठोकणं मात्र त्यांना जमलं नाही. त्यासाठी हात लागतो, आणि तसे हात गावात चारच उरले होते. त्यांतला सर्वांत तरुण बावन्न वर्षांचा. इकडे शहरांत नीरेला मागणी एवढी, की लोक ती थंड डब्यांतून मागवून व्यायाम करता करता पीत. म्हणून मग एका संशोधन केंद्रातून डॉ. मैथिली उकिडवे आल्या, आणि त्यांनी "मोकळीक" नावाचं औषध आणलं.

नीरा सोसायटीने देवळासमोरच्या मंडपात त्यांचं व्याख्यान ठेवलं. बाई बोलायच्या सोप्या.

"माडाच्या अंगात दोन तऱ्हेचे नळ असतात," त्या म्हणाल्या. "एक मुळांकडचं पाणी वर नेतो. त्याच्या पेशी मेलेल्या असतात, नुसत्या पोकळ. दुसरा नळ पानांत तयार झालेली साखर जिथे हवी तिथे पोचवतो, मुळांना, नारळांना, पोयीला. ही रसवाहिनी. हिच्या पेशी जिवंत असतात. एकीवर एक रचलेल्या, आणि मधल्या भिंतींना चाळणीसारखी भोकं. पण रसाला वाट मोकळी मिळावी म्हणून ह्या पेशीने घरातलं बहुतेक सामान बाहेर टाकलेलं असतं. केंद्रकसुद्धा, म्हणजे डोकंच म्हणा."

"मगे ती जगता कशी?" कोणीतरी विचारलं.

"तिला चिकटून एक सहपेशी असते. विचार ती करते. काय हवं-नको ती बघते. साखर आत भरते तीच. ही फक्त उभी राहते आणि रस जाऊ देते."

मंडपातल्या सगळ्या बायकांनी एकदम आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं.

"ह्यां माका आधीच म्हायत होतां," संजीवनी म्हणाली, आणि पुढच्या दोन रांगा हसल्या.

बाईंनी पुढे सांगितलं. पानाशी साखर भरली, की तिच्या ओढीने शेजारच्या नळातलं पाणी आत शिरतं आणि दाब चढतो, मोटारीच्या टायरात असतो त्याच्या तीन-चार पट. ह्या दाबानेच रस भरल्या जागेकडून भुकेल्या जागेकडे जातो. आता एवढ्या दाबाचा नळ कुठे कापला गेला तर काय व्हावं? सगळा रस बाहेर. पण तसं होत नाही. कापल्याबरोबर पेशीत कॅल्शियम घुसतं. ती बातमी. बातमी मिळाली, की आत वाट बघत बसलेली प्रथिनं फुगून चाळणीची भोकं बुजवतात, काही सेकंदांत. मागाहून कॅलोज नावाचा पदार्थ भोकांवर गिलावा करतो. झाड वाचतं.

"म्हणून तुम्ही पोयीचा काप दिवसातून तीनदा काढता," बाई चार माडीवाल्यांकडे बघून म्हणाल्या. "झाडाने बसवलेलं बूच तुम्ही दर वेळी कापून टाकता."

दिगंबरला हे फार आवडलं. चाळीस वर्षं हात काय करतोय ते आज पहिल्यांदा कोणी त्याला समजावून सांगितलं होतं. त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं.

"मोकळीक ही बातमीच अडवतं," बाई म्हणाल्या. "पेशीचं दार बंद. जखम झाली तरी आत पत्ता नाही. पोय एकदा कापली, की चाळीस दिवस नळासारखी वाहते."

हे त्याला आवडलं नाही.

"म्हणजे ठोकूक नको?"

"नको."

"दिसाक तीनदा चढूक नको?"

"चाळीस दिवसांत एकदा. तेही यंत्र चढेल."

चौघे माडीवाले एकमेकांकडे न बघता बसून राहिले. मग सोसायटीचे चेअरमन नाना मोंडकर उठले, आणि हे औषध आपल्या माडांवर सर्वांत आधी घ्यायला तयार झाल्याबद्दल त्यांनी उल्हास तारीचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार केला. तारी म्हणजे खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारं घराणं. पूल झाल्यावर होडी बंद पडली, आणि उल्हासने खाडीकाठी बारा माड लावले. माडाशी त्याचा संबंध एवढाच, की तो त्याखाली उभा राहत असे. त्या माणसाला नारळ देतात आणि टाळ्या वाजवतात, हे बघवेना म्हणून दिगंबर उठून घरी गेला.

त्यानंतर बाईंनी पुन्हा माइक घेतला आणि व्याख्यानातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगितली. औषध पोयीत टोचलं तरी पोयीत राहत नाही. साखर जिथे जाते तिथे तेही जातं, शेंड्यापासून मुळापर्यंत. म्हणून चाळीस दिवस त्या माडाला कुठेही जखम करायची नाही. झावळी तोडायची नाही. खिळासुद्धा ठोकायचा नाही. फळ्यावर त्यांनी ते लाल खडूने लिहिलं. दिगंबर तेव्हा घरी ओट्यावर बसून आपली मडकी मोजत होता. ती सगळी होती.

पंधरा दिवसांत उल्हासच्या बारा माडांखाली पाइप आले, पाइपांखाली स्टीलची टाकी आली आणि टाकीशेजारी गूळ आटवायची शेड आली. एवढ्या नीरेचा गूळ करणारं माणूस गावात एकच होतं. संजीवनी सकाळी घरची मडकी उरकून तिकडे जाऊ लागली. उल्हास तिला वहिनी म्हणे. हा शब्द दिगंबरला आजवर निरुपद्रवी वाटत आला होता.

"वा" ऐकलं त्या दुपारी जेवताना त्याने माशाच्या कालवणाकडे बघत विचारलं, "उल्हासाची नीरा कशी काय असता?"

"बरी असता," संजीवनी म्हणाली.

दिगंबरचा घास हातातच राहिला. तिथे वा, आणि इथे बरी! साधी गोष्ट असती तर तिने सरळ सांगितली असती. ज्या अर्थी लपवते, त्या अर्थी लपवण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्याने हात बदलला. ठोके दुप्पट केले. काप निम्म्याने पातळ केला. मडकी तीनदा धुतली, उन्हात घातली, पुन्हा धुतली. नीरा घेऊन तो चुलीजवळ उभा राहिला. एरवी तो मडकं ठेवून आंघोळीला जाई.

संजीवनीने वाटी तोंडाला लावली. "बरी आसा," ती म्हणाली. "आज उशीर कित्याक? आणि हंय कित्याक उभे ऱ्हवलास? आंगाक वास येता."

आठवडाभर हे चाललं. कुंपणावरून मिळणारी माहिती वाईट होती. एका सकाळी तर दोनदा वा झालं. एकदा वाटीला आणि एकदा गुळाच्या रंगाला. रात्री तो हिशेब करायचा, की उल्हास करतो काय? काहीच नाही. औषध बाईंचं, चढतं यंत्र, वाहतो माड. मग वा जातं कोणाला? माडाला. खाडीकाठचा पंचवीस वर्षांचा माड, खाऱ्या वाऱ्यातला. त्याच माडाच्या पोयीला जर दिगंबर कांबळीचा हात लागला, तर नीरा कशी उतरेल?

इथून पुढचा विचार मत्सराने जळणाऱ्या माणसालाच सुचू शकतो. उल्हासचा माड गुपचूप आपण ठोकायचा. सकाळी पाइपातून आपल्या हाताची नीरा उतरेल. संजीवनी चाखेल आणि वा म्हणेल. ते वा आपलं असेल. तिला कळणार नाही, उल्हासला कळणार नाही. आपल्याला कळेल. नवऱ्याला तेवढं पुरे.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता उल्हास टाकीचं झाकण आणायला वेंगुर्ल्याला गेला होता आणि संजीवनी बहिणीकडे. दिगंबर कंबरेला कोयता आणि ठोकणी खोचून कुंपणातून आत शिरला. काठी सैल होतीच.

शेडजवळचा माड त्याने निवडला; संजीवनीची वाटी उल्हास त्याच्याच पाइपाखाली भरत असे. खोड गुळगुळीत, एकही खाच नाही. यंत्राच्या काळातला माड. त्यावर माणूस कधी चढलेलाच नव्हता. यंत्रमाकड शेडमध्येच होतं, पण ते उल्हासचं तोंड बघितल्याशिवाय चालू होत नसे, आणि दिगंबरही त्याच्या तोंडाला लागला नसता. त्याने बापाने आणि आज्याने केलं तेच केलं. पाय ठेवायला खाचा मारत वर गेला. एक डावी, एक उजवी, प्रत्येक खाच बाहेरच्या बाजूला किंचित उतरती, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. दोन घावांत एक. बत्तीस खाचा झाल्या आणि तो शेंड्याशी पोचला.

पोयीचा पाइप त्याने बाजूला केला. दोरी सोडून आपल्या पद्धतीने बांधली. ठोकणी काढली आणि ठोकू लागला, बाळाची पाठ थोपटावी तसा. मग टोकाचा काप काढला, कागदासारखा. रसाचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. तोंडातून शब्द जवळजवळ निघालाच होता. त्याने तो गिळला; तो संजीवनीने म्हणायचा होता.

पाइप परत बसवून तो उतरू लागला, आणि पाय घसरला. त्याला वाटलं, घाम. दुसऱ्या खाचेवर पुन्हा घसरला. खाली बघतो तर बत्तीसच्या बत्तीस खाचा रडत होत्या. खोडावरून गोड रसाचे ओघळ लागले होते, आणि पहिली मधमाशी येऊन बसली होती.

ताज्या खाचेला थोडं पाणी सुटतंच. बिडी ओढून होईपर्यंत ती सुकते, हा दिगंबरचा चाळीस वर्षांचा अनुभव. तो खाली बसला आणि एक बिडी ओढली. मग दुसरी ओढली. तिसरी ओढताना त्याने खाडीची माती आणून खाचांत भरली. माती रसाबरोबर वाहून खाली आली. मधमाश्या आता मोजता येत नव्हत्या. शेवटी तो घरी गेला, आंघोळ केली, आणि माड आपलं आपण बघून घेईल असं स्वतःला सांगून झोपला. त्या माडाला काही कळवायची सोयच बाईंनी बंद करून ठेवली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी सात वाजता तो कुंपणाशी हजर होता. शेडजवळून गिरणीसारखा आवाज येत होता, त्या मधमाश्या. खोड चकाकत होतं. बुंध्याशी चिकट डबकं, त्यात मुंग्यांचा काळा थर. चार कोवळे नारळ गळून पडले होते. उल्हास डोक्याला हात लावून उभा होता. संजीवनी खोडाशी वाकून एका खाचेत बोट घालून बघत होती.

"कोण मेलो असो वैरी माझो?" उल्हास म्हणाला.

"ही खाच बाहेर उतरती आसा," संजीवनी म्हणाली. "पंचक्रोशीत अशी एकच माणूस मारता." मग ती मान न वळवता मोठ्याने म्हणाली, "ओ, हय येवा. काठी मागीर हलवा."

दिगंबर आत आला. संजीवनीने खाचेतून काढलेलं चिकट बोट त्याच्या नाकासमोर धरलं.

उल्हासने फोनवर बाईंना माड दाखवला. बाईंनी आधी किंचाळून घेतलं, मग प्रश्न विचारले. औषध उतरवायचं औषध होतं, पण ते ड्रोनने उद्या दुपारी पोचणार.

"तोवर?" उल्हासने विचारलं.

"तोवर साखर वाहून जाणार. पानं वर असतात, ती आधी जेवतात. मुळं शेवटी. कालपासून मुळांना काही पोचलेलं नाही. उद्या दुपारपर्यंत..."

"बाई," संजीवनी म्हणाली, "ती बातमी देणारी वस्तू तुमी सांगितल्यात, कॅल्शियम. म्हणजे आमचो चुनोच मां?"

मडक्यात नीरा आंबू नये म्हणून आतून चुना लावतात. घरात डबा भरून होता.

"औषधाने दार बंद केलंय," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पण पेशी कापलीच गेलीय तर दाराचा प्रश्न येत नाही. बाहेरून थेट... फक्त रसाचा लोंढा चुना टिकू देणार नाही. दाबून धरावं लागेल. घट्ट. वहिनी, तुम्ही लावाच!"

दिगंबर चुन्याचा डबा, जुन्या लुंगीच्या पट्ट्या आणि काथ्या घेऊन वर चढला. प्रत्येक खाचेत चुना कोंबायचा, वर पट्टी, वर काथ्याचे वेढे, आणि तळहाताने दाबून धरायचं. उल्हास खालून पट्ट्या फाडून देत होता. संजीवनी चुना कालवत होती. मधमाश्यांनी दिगंबरला तेवीस ठिकाणी चावे घेतले, आणि खाली कोणी च्-च् केलं नाही. सर्वांत खालची खाच पंधरा मिनिटांत थांबली. संध्याकाळपर्यंत एकोणतीस थांबल्या. वरच्या तिन्ही मोठ्या दाबाच्या. त्यांना तो अंधार पडेपर्यंत दोन्ही हातांनी आणि एका गुडघ्याने बुजवून लटकून राहिला. रविवारी दुपारी ड्रोन आला. माड वाचला.

सोमवारी सोसायटीच्या कचेरीत चौकशी झाली. नाना मोंडकरांनी नियम वाचून दाखवला. दुसऱ्याच्या माडाला जाणूनबुजून इजा करणाऱ्याचं नाव नोंदीतून कायमचं कमी. मग त्याने गावातल्या कुठल्याही माडावर चढायचं नाही, स्वतःच्यासुद्धा. दिगंबरची नजर आपल्या हातांकडे गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या हातांना दुसरं काही येत नव्हतं.

"दिगू, कित्याक केलंस?" नानांनी विचारलं.

खरं कारण सांगितलं असतं, तर नाव कदाचित राहिलं असतं. पण मग गावात तोंड दाखवता आलं नसतं.

"उल्हासाचो माड मारूक," दिगंबर म्हणाला.

सगळ्यांनी मान डोलवली. कारण समजण्यासारखं होतं. खुद्द उल्हासनेही डोलवली. सेक्रेटरी लिहू लागला.

"खोटां बोलतत हे," संजीवनी मागून म्हणाली.

ती उठून पुढे आली. "माड मारूचो आसतो तर बुंध्याक चार घाव पुरे होते. शेंड्यापातूर बत्तीस खाचा कोण मारता? आणि वर पोय बांधलेली आसा. ठोकलेली आसा. मी यंत्रमाकडाच्या कॅमेऱ्यात बघितलंय. माड मारूक गेल्लो माणूस पोय ठोकीत बसता?" ती दिगंबरकडे वळली. "सांगा."

दिगंबर भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून बोलला.

"तू वा म्हणालंस."

"कधी?"

"चार तारखेक. मगे सात. आणि नऊ तारखेक दोनदा." तो थांबला. "म्हटलां, ठोकणारो हात माझो आसलो तर... तां वा माका मिळतला."

आधी उल्हास हसला. मग सगळी कचेरी. नाना मोंडकर टेबलावर डोकं टेकून हसले.

"कारण काय लिहू?" सेक्रेटरीने डोळे पुसत विचारलं.

"लिही," नाना म्हणाले, "घरगुती."

संजीवनी हसली नाही. "दुसऱ्याच्या दारात तेना वाटी हातात दिल्यान, तर मी काय म्हणाचां?" ती म्हणाली. "वा म्हणतंय नि वाटी ठेवतंय. तुमची मी रोज चाखतंय ती नीरा कशी आसा म्हणान नाय. तुमचो हात थरथरलो, की काप जाडो येता, रस रेंगाळता आणि आंबूस लागता. दोन वर्षांमागे तुमका ताप भरलो तो माका सकाळी वाटीत कळलो, तुमका दुपारी. कळला?"

दोन सभासदांनी नाकं शिंकरली. दिगंबरने मात्र ह्या उत्तरावर बराच विचार केला आणि त्याचं समाधान झालं नाही. हे सगळं ठीक होतं. पण वा ते वा.

निकाल असा लागला. दिगंबरला ताकीद. माडाचं खोड एकदा खाचलं, की कधी भरून येत नाही, त्यामुळे त्या माडाला मोकळीक पुन्हा देता येणार नव्हतं. तो आता हातानेच काढावा लागणार. वर्षभर तो दिगंबरने काढायचा, उल्हाससाठी. उल्हासची हरकत नव्हती. त्याला कुंपणाच्या काठ्या नव्या हव्या होत्या, तेवढं त्याने मागून घेतलं.

खरी अडचण पुढे आली, आणि ती डॉ. उकिडवे बाईंकडून आली. मोकळीक न घेता त्या माडाने महिनाभरात इतर कुठल्याही हाताने काढलेल्या माडाच्या दीडपट नीरा दिली. कापाने बूच निघतं हे बाईंना ठाऊक होतं. पण ठोकण्याने नेमकं काय होतं, हे त्यांच्या शास्त्राला अजून सांगता येत नव्हतं. त्यांनी खोडाला ठोके मोजणारी यंत्रं बसवली, आणि रोज सकाळी साडेसहाला त्या स्वतः वाटी घेऊन खाली उभ्या राहू लागल्या. वरून दोरीने मडकं खाली आलं, की चाखायच्या आणि मान वर करून ओरडायच्या, "अप्रतिम, कांबळी! केवळ अप्रतिम!" एका सकाळी त्यांनी चार वेळा अप्रतिम, दोनदा कमाल आणि एकदा वा वा म्हटलं. शिकलेली माणसं हे शब्द मिठासारखे वापरतात.

संजीवनी पहिले दोन दिवस शेडमधून बघत होती. तिसऱ्या दिवशी ती माडाखाली आली. चौथ्या दिवशी बाईंच्या आधी आली, केसांत अबोलीचा वळेसर होता. पाचव्या दिवशी बाईंनी वाटी पुढे केली तेव्हा तिने मडकं आपल्याकडे ओढलं.

"बाई, आधी मी."

"हो हो, घ्या ना. मला फक्त नमुना—"

"नमुनो मागीर."

तिने वाटी भरली, एकदा मान वर करून शेंड्याकडे बघितलं, मग सावकाश प्यायली आणि पदराने ओठ टिपले.

"कशी आहे?" बाईंनी उत्साहाने पेन काढलं.

"तां मी तेंका सांगतलंय," संजीवनी म्हणाली. "घराक गेल्यावर. तुमी तुमचा मशीन बघा."

त्या हंगामाच्या शेवटी बाईंनी केंद्राला जो अहवाल पाठवला, त्यात ह्या माडाचं वेगळं प्रकरण आहे. त्यात म्हटलंय, की पाचव्या दिवसापासून रोज सकाळी सहा चाळीसच्या सुमारास वरचे ठोके आठ ते दहा सेकंद पूर्ण थांबतात. ते पुन्हा सुरू होतात तेव्हा लय वाढलेली असते आणि पुढच्या तासात रसाचा ओघही वाढतो. तापमान, वारा, भरती-ओहोटी आणि पोयीतला दाब यांपैकी कशाशीही याचा संबंध आढळला नाही. कारण अज्ञात. पुढच्या हंगामात शेंड्याशी आणखी दोन यंत्रं बसवावीत, अशी शिफारस आहे.